घडीच्या आतलं नाव

२ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. सेमिनारवाले सर म्हणाले, यशस्वी माणूस रोज लिहितो. मी यशस्वी आहेच, फक्त लिहीत नव्हतो.

विषय होता ‘क्लायंटला व्हॅल्यू कशी द्यावी’. होटगी रोडच्या हॉटेलात, एसी हॉल. सर पुण्याचे. गालाला माइक चिकटवून हॉलभर फिरत होते. आजपासून गिऱ्हाईक म्हणायचं नाही, क्लायंट म्हणायचं. तो मागेल त्यापेक्षा जास्त द्यायचं. त्याचा पेन पॉइंट शोधायचा, म्हणजे त्याला नेमकं दुखतं कुठे ते. आणि त्याला एक वॉव मोमेंट द्यायचा. विकून झाल्यावर फॉलोअप. आणखीही मुद्दे होते, पण तेवढ्यात जेवण लागलं आणि पुढची रांग आमच्यावर धावून आली.

एका पासावर दुसरा माणूस फुकट होता म्हणून चनबसप्पाला नेलं. हिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. आमच्याच चाटी गल्लीत समोर त्याचं उदबत्ती-कापराचं दुकान. सर ‘व्हॅल्यू’ म्हणाले तेव्हा झोपला, तो थेट जेवायला उठला. घोरतसुद्धा होता. असल्या माणसाचा धंदा वाढणार कसा?

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकान वडिलांपासून टॉवेल-टोपीचं. लग्न, वास्तुशांत, निवृत्तीचा सत्कार, काहीही असो, मानाच्या माणसाला टोपी घालायची आणि हातात टॉवेल द्यायचा. तो आमच्याकडून न्यायचा. आजवर मी नुसते टॉवेल विकत होतो, व्हॅल्यू देतच नव्हतो. वाईट वाटलं.

पेन पॉइंटवर दिवसभर विचार. संध्याकाळी सापडला. लग्नात माणसाला टॉवेल मिळतो, पण घरी गेल्यावर कुणी दिला हे तो विसरतो. देणाऱ्याचं प्रेम वाया जातं. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? हिला सांगितलं. ही म्हणाली, विसरलं तर विसरलं, कुणाचं काय बिघडतं. हिला मार्केटिंग कळत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

नातेपुत्याहून उदयसिंह आले. आमचे सगळ्यात जुने क्लायंट. त्यांचे आजोबा माझ्या वडिलांकडे यायचे. त्या घरातलं एकही कार्य आमच्या टॉवेलशिवाय झालेलं नाही. आता त्यांच्या पुतण्याचं, सयाजीचं लग्न. नेहमीचाच माल सांगितला. जाताना म्हणाले, ह्ये झालं की फेब्रुवारीत आमच्या पायलचं हाय, एकच लेक, लई मोटं करायचंय, तुमीच बघायचं आण्णा.

पायलच्या लग्नाची ऑर्डर म्हणजे अख्ख्या माळशिरस तालुक्यात दुकानाचं नाव. सयाजीचं लग्न ही माझी परीक्षा आहे. मागितलंय त्यापेक्षा जास्त देणार. आधी सांगणार नाही. सांगितलं तर वॉव होत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

कल्पना अशी: प्रत्येक टॉवेलवर नवरानवरीचं नाव, तारीख, आणि ‘सप्रेम भेट’. पण वरच्या बाजूला नाही. वर काय, बॅनरवरही असतं. घडीच्या आत. माणूस घरी जाईल, घडी मोडेल आणि आत नाव! बायकोला हाक मारेल, अगं हे बघ! खाली बारीक अक्षरात आमच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल.

छपाईला शेखलाल. वर्षानुवर्षं पिशव्या छापतो. म्हणाला, मालिक, नाम अंदर कू? दिखेगा कैसा? म्हटलं, दिखनेका नहीं, मिलनेका है.

२३ नोव्हेंबर, रविवार. नातेपुते

सयाजीचं आरोहीशी लग्न लागलं. त्या घरची वडिलांपासूनची पद्धत, पहिला टॉवेल टॉवेलवाल्याला. माइकवाल्याने पुकारलं, सोलापूरचे मल्लिनाथआण्णा. छाती भरून आली. मग बाकीचे. नाव पुकारलं की माणूस स्टेजवर यायचा, टोपी घालून घ्यायचा, टॉवेल काखेत मारायचा आणि खाली जाऊन बसायचा.

एकानेही घडी मोडली नाही. आधी जीव खालीवर झाला. मग लक्षात आलं, भर मांडवात कोण टॉवेल उघडतं? घरी जाऊन निवांत उघडतील. वॉव घरीच होणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फॉलोअप. उदयसिंहांच्या थोरल्या पोराकडून पाहुण्यांचे नंबर घेतले आणि सकाळपासून फोन. टॉवेल कसा वाटला?

पहिल्याने विचारलं, कुठला टॉवेल? दुसऱ्याने विचारलं, कोण बोलतंय? तिसरा म्हणाला, आमी काय मागितलं न्हवतं, परत न्यायचा आसंल तर न्या. मग उदयसिंहांच्या आत्या, बजाबाई. त्या सांगोल्याला दिलेल्या. म्हणाल्या, ठिवलाय की बाबा नीट, घडीसुदीक मोडली न्हाय. म्हटलं, आत्या, मोडा, वापरा! तर म्हणाल्या, वापरायला दुसरं हायती की.

इतका मान! वस्तू जपून ठेवायची, वापरायची नाही. याला सर इमोशनल व्हॅल्यू म्हणतात. पुढे आणखी बरेच जण तसंच म्हणाले, नीट ठेवलाय. सगळा जिल्हा माझे टॉवेल जपून ठेवतोय. लोक किती चांगले असतात.

१ डिसेंबर, सोमवार

व्हिडिओ आला. आधी चनबसप्पाने पाठवला, मग आणखी चौघांनी.

काल केमला बजाबाईंच्या नातीचं लग्न. नवऱ्याचे वडील कुंडलिकराव, म्हणजे व्याही, सगळ्यात मोठा मान. बजाबाईंच्या पोराने त्यांना टोपी घातली, टॉवेल दिला. कुंडलिकराव अंगाने मोठे, घामाने निथळत होते. त्यांनी तिथेच स्टेजवर टॉवेल झटकला आणि तोंडाकडे नेला. आत नाव! माइकवाल्याला दिसेल ते नाव पुकारायची सवय. त्याने पुकारलं, चि. सयाजी आणि चि. सौ. कां. आरोही यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट! पुढे आमच्या दुकानाचं नावसुद्धा वाचलं. मोबाईल नंबर वाचता वाचता कुणीतरी माइक काढून घेतला.

कुंडलिकरावांनी टॉवेल बजाबाईंच्या पोराच्या खांद्यावर ठेवला आणि खाली उतरले. वऱ्हाड जाऊन गाड्यांत बसलं. म्हणे संध्याकाळपर्यंत मनधरणी चालली होती.

वाईट झालं. पण प्रिंट काय स्पष्ट दिसतोय व्हिडिओत! शेखलालला कळवलं.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून अनोळखी नंबरवरून चौकशा. एकाने विचारलं, आमच्या गावात कुणाकुणाचं टॉवेल फिरत्यात त्ये सांगता का? दुसरा म्हणाला, लुगड्याच्या आतबी नाव छापत जावा. तिसऱ्याने नुसतंच हसून फोन ठेवून दिला. बोलणं उद्धट आहे, पण नंबर लोकांपर्यंत पोचला. याला रीच म्हणतात.

एक मात्र मनाला लागलंय. बजाबाई मला म्हणाल्या होत्या, जपून ठेवलाय. जपून ठेवलेली वस्तू तीन दिवसांत केमला कशी पोचली? म्हातारीने मला फोनवर फसवलं. मी इतक्या प्रेमाने फोन केला होता.

४ डिसेंबर, गुरुवार

उदयसिंहांचा फोन. म्हणाले, आण्णा, नाव कशाला छापलंत वो? म्हटलं, चांगलं दिसलं नाही का? म्हणाले, चांगलंच हाय की, पण कशाला? मी त्यांना वॉव मोमेंट समजावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, आत्या बोलंना झालीया आमच्याशी, नातीला सासरी रोज टोमणं ऐकाय लागत्यात.

मी स्पष्ट सांगितलं, यात छपाईचा दोष नाही. मिळालेला आहेर दुसऱ्याला देणं हा दोष आहे. आत्यांनाच विचारा. तर ते म्हणाले, आण्णा, सगळीच देत्यात की. आणि लगेच, ठिवतो, दूध डेरीवर मान्सं आल्यात.

सगळीच देतात म्हणे! एवढा मोठा माणूस. आत्याने त्यांचं डोकं किती खाल्लं असेल, म्हणून असं काहीतरी तोंडातून गेलं. हिला विचारलं, असं कुणी करतं का गं? ही म्हणाली, होगली बिडरी. अक्कलकोटची आहे, विषय बंद करायचा असला की कन्नडमध्ये जाते. जाऊ द्या, असा अर्थ. मग भाकरी थापायला गेली.

७ डिसेंबर, रविवार

आज उत्तर सापडलं आणि इतकं सोपं निघालं की स्वतःचाच राग आला.

चूक काय झाली? नाव आत होतं. बजाबाईंना ते दिसलंच नाही. दिसलं असतं तर त्यांनी टॉवेल पुढे दिला असता का? मुळीच नाही. म्हणजे नाव बाहेर पाहिजे. मोठं. लांबून वाचता येईल असं. मग कुणाची टॉवेल पुढे सरकवायची हिंमतच होणार नाही. ज्याला दिला त्याच्याच घरी राहणार, कायम.

पायलच्या लग्नाला हेच. आणि उदयसिंह ऑर्डर द्यायला येण्याआधीच माल तयार ठेवायचा. रुसलेल्या क्लायंटला परत जिंकायचं तर त्याने मागायची वाट बघायची नसते. हे सरांनी सांगितलेलं नाही, माझं स्वतःचं आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुकानातला होता नव्हता तेवढा कोरा माल शेखलालकडे टाकला. सगळ्यावर पायल, जावयाचं नाव, ८ फेब्रुवारी; सयाजीच्या लग्नातच कानावर आलं होतं. जोडीचा फोटोही घालणार होतो. शेखलाल म्हणाला, मालिक, दुल्हन के मूँ से मूँ कैसा पोंछना? त्याला ब्रँडिंगची समज नाही. पण फोटो मागितला असता तर सरप्राइज फुटलं असतं, म्हणून नुसती नावं. टोपीवरही छापायचं मनात होतं. शेखलालने एक टोपी छापून स्वतःच्या डोक्यावर घालून दाखवली. तो निवडणुकीला उभा आहे असं वाटलं. टोपी रद्द.

सरांना मेसेज करून केमचं सगळं प्रकरण सविस्तर लिहिलं होतं. मार्गदर्शन मागितलं होतं. उत्तर आलं: हात जोडलेले, एक रॉकेट, आणि ‘तुम्ही आता लेव्हल टूसाठी तयार आहात’. खाली लिंक. आधी अभिमान वाटला. नंतर लक्षात आलं, त्यांनी माझा मेसेज वाचलेलाच नाही. मी त्यांचा क्लायंट होतो ना? मग माझा फॉलोअप कुठे गेला?

१४ जानेवारी, बुधवार

सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर, सहकुटुंब. चनबसप्पा भेटला. पायलच्या लग्नाचं काय चाललंय म्हणून विचारत होता. धाकट्या भावासारखा आहे, सगळं सांगितलं. नाव बाहेर, अक्षर एवढं मोठं, माल तयार, उदयसिंह आले की डोळ्यांत पाणीच येईल त्यांच्या. चनबसप्पा म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे कोरा माल काहीच नाही की दाजी? म्हटलं, एकही नाही, मागे वळून बघायचं नाही असं ठरवलंय. म्हणाला, लई धाडस केलाव. त्याच्या तोंडून पहिल्यांदा कौतुक ऐकलं.

उदयसिंह अजून आले नाहीत. पत्रिका वाटण्यात असतील.

२२ जानेवारी, गुरुवार

नातेपुत्याचा टेम्पो गल्लीत. ड्रायव्हर ओळखीचा. लगबगीने गल्ल्यावरून उठलो, शर्ट नीट केला, शोकेसमधला पायलच्या नावाचा टॉवेल सरळ केला. टेम्पो समोर थांबला. चनबसप्पाच्या दारात.

वाटलं, लग्नाला उदबत्ती लागतेच. पण उदबत्तीला टेम्पो कशाला? मग त्याच्या दुकानातून गठ्ठे निघाले. टॉवेलचे. त्यामागे टोप्यांचे खोके.

रस्ता ओलांडून गेलो. चनबसप्पा म्हणाला, दाजी, शपथ घेतो, मी बोलवलो नाही की. तेच आले. म्हणाले कोरे पाहिजेत, पातळ चालतील, फक्त घडी झकास पाहिजे आणि वर कडक पिशवी. मी आणून दिलो. विचारलं, हे व्हॅल्यू देणं तू शिकलास कुठे? म्हणाला, मी झोपलो होतो की.

ज्याला हाताला धरून सेमिनारला नेलं, ज्याला गड्ड्यावर मनातलं सगळं सांगितलं, त्याने माझ्या वडिलांचं गिऱ्हाईक नेलं. होय, गिऱ्हाईकच म्हणणार.

२३ जानेवारी, शुक्रवार

हिला माहीत होतं! आठवडाभर माहीत होतं. भावाने सांगितलेलं आणि हिने माझ्यापासून लपवलं. जेवलो नाही.

मग ही बसली समोर आणि म्हणाली, अहो, ते आधी तुमच्याकडंच आले होते. तुम्ही बँकेत गेला होता, चनबसप्पाने समोरून बघितलं. पायरीपाशी चप्पल काढली त्यांनी. तेवढ्यात शोकेसमधला पायलच्या नावाचा टॉवेल दिसला. वाचला. चप्पल परत घातली आणि समोर गेले.

मग आत येऊन वॉव म्हणायला काय झालं होतं? त्यांच्याच लेकीचं नाव ना ते? मी कुणासाठी केलं हे सगळं? वडील असते तर उदयसिंहांची अशी चप्पल घालायची हिंमत झाली नसती. ही म्हणाली, वडील असते तर त्यांनी नाव छापलं नसतं. घरातसुद्धा माझ्या बाजूने कुणी नाही. थोडा भात खाल्ला.

३० जानेवारी, शुक्रवार

पत्रिका आली. पोस्टाने नाही, उदयसिंह स्वतः घेऊन आले. पायलच्या टॉवेलांचे गठ्ठे छतापर्यंत लागलेत, त्यांच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. मीही विषय काढला नाही. म्हटलं, चहा घेणार? म्हणाले, न्हाय, आत्ताच झाला. कुठे झाला हे मला माहीत होतं, समोरच्या दुकानात दोन कप दिसत होते.

मला आण्णा नाही म्हणाले. मालक म्हणाले. मालक, लग्नाला यायचं बरं का.

जाणार नाही. ठरलं.

८ फेब्रुवारी, रविवार. नातेपुते

गेलो. पायल लहान असताना आमच्या गल्ल्यावर बसून टोप्या मोजायची, तिच्यासाठी गेलो.

पहिला सत्कार कारखान्याच्या संचालकांचा. दुसरा पुकारला, सोलापूरचे, आणि मी उठलो. सोलापूरचे मंडपवाले. बसलो. नंतर सोलापूरचे केटरर. अर्धा उठलो. मग आचारी, जनरेटरवाला, फोटोवाला. चनबसप्पाचंही नाव झालं. तो माझ्या नजरेला नजर न देता टोपी घालून गेला. शेजारचा माणूस म्हणाला, पाव्हणं, पाठ दुकतीया का? सारकं उठताय.

अगदी शेवटी माझं नाव. माइकवाल्याने ‘मल्लिनाथ टॉवेलवाले’ म्हटलं. उदयसिंहांनी स्वतःच्या हाताने टोपी घातली. कानाशी हळूच म्हणाले, आण्णा, राग धरू नगा. मान्सं पुडं देत्यात, म्हणून तर त्या टॉवेलाला किंमत हाय. आपुन वापरायला घेतो व्हय आहेर? त्ये फिरत ऱ्हायलं पायजे, न्हायतर गरिबानं पाव्हण्याचा मान कसा करायचा?

आण्णा म्हणाले. तेवढ्याने डोळे भरले. फोटोत आलं असणार. टॉवेल हातात घेताच कळलं, काहीच सूत नाही, उजेडाला धरला तर पलीकडची वरात दिसेल. काखेत मारला आणि खाली येऊन बसलो. फसवलं सगळ्यांनी. म्हातारीने, सरांनी, मेहुण्याने, बायकोने. इतकी वर्षं गल्ल्यावर बसलो, पण हे एवढं साधं कुणी मला सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि मला सोडून सगळे गप्प होते. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या गुरप्पाची वास्तुशांत. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढल्यावर बांधलेलं घर. ही म्हणाली, आवरा, मुहूर्त टळेल, आणि द्यायला काय घेताय?

दुकानात गेलो. छतापर्यंत माल. सगळ्यावर पायल. टॉवेल-टोपीचं एवढं मोठं दुकान आणि शेजाऱ्याला द्यायला एक टॉवेल नाही. चनबसप्पाकडून आणू का, म्हणून हिने विचारलं. म्हटलं, त्यापेक्षा मी रिकाम्या हाताने जाईन.

मग परवाचा आठवला. खुर्चीवर तसाच पडला होता, कडक पिशवीत. हिने वरच्या अक्षता झटकल्या. मी पिशवीतून काढला, चारी बाजूंनी घडी हळूच उचलून आत नीट पाहिलं. कुणाचंच नाव नव्हतं. जीव भांड्यात पडला. घडी होती तशी बसवली आणि पिशवीत घातला.

ही दारात उभी राहून सगळं बघत होती. मग नारळ माझ्या हातात दिला.